नव्या कपाटांचा झोंबणारा वास: गोव्याच्या पावसाळ्यात प्लाय-एमडीएफमधलं फॉर्मल्डिहाइड कमी कसं करायचं?

म्हादईकाठ (फोंडा)

घरात फर्निचर करायचं ठरलं की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. वाळवी लागेल का, आणि पावसाळ्यात फुगेल का. दोन्ही रास्त आहेत. तिसरा प्रश्न मात्र दुकानात क्वचितच ऐकू येतो: या फळीतला गोंद घरातल्या हवेत काय सोडतो? तो सोडतो फॉर्मल्डिहाइड, डोळ्यांना-नाकाला झोंबणारा वायू. नव्या फ्लॅटमधल्या वासाबद्दल इथे अधूनमधून तक्रारी येतात, त्यावर उलटसुलट सल्ले मिळतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. प्लायच्या कारखान्यात रेझिनच्या, म्हणजे गोंदाच्या, विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत.

स्वस्त प्लाय, पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या चुऱ्याची दाबलेली फळी) आणि एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली फळी) यांतला गोंद बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइड असतो, आमच्या बोलीत यूएफ. त्याला रंग नसतो, गरम प्रेसमध्ये तो पटकन घट्ट होतो आणि स्वस्त पडतो. दोष एकच, पण मोठा. युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यातला बंध ओल आणि ऊब मिळाली की हळूहळू सुटतो आणि फॉर्मल्डिहाइड पुन्हा वायू होऊन मोकळं होतं. म्हणजे फळीतून ते दोन वाटांनी येतं. प्रेसमध्ये न जुळता उरलेलं फॉर्मल्डिहाइड पहिल्या काही महिन्यांत बरंचसं निघून जातं. गोंदाचे बंध तुटून सुटणारं मात्र वर्षानुवर्षं थोडंथोडं येत राहतं. ‘दर जूनला कपाट उघडलं की तोच वास परत येतो’ असं सांगणाऱ्या माणसाला भास होत नसतो.

आता शिक्क्यांबद्दल, कारण माझा मुख्य मुद्दा तिथेच आहे. फळीवर ‘ई१’ असं लिहिलेलं असतं. युरोपच्या चाचणीत फळी एका बंद कक्षात ठेवतात आणि कक्षातल्या हवेत फॉर्मल्डिहाइड किती साठतं ते मोजतात. दर घनमीटर हवेत ०.१२४ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ई१. पण त्या कक्षात तापमान असतं २३ अंश, आर्द्रता ४५ टक्के, दर तासाला कक्षातली सगळी हवा बदलते, आणि दर घनमीटर हवेमागे एकच चौरस मीटर फळी असते.

जुलैतली पणजी किंवा मडगाव डोळ्यांपुढे आणा. तापमान तीसच्या आसपास, आर्द्रता ८५ टक्के. तापमान आणि आर्द्रतेनुसार उत्सर्जन किती बदलतं याचं एक जुनं सूत्र आमच्या धंद्यात वापरलं जातं. ते पार्टिकल बोर्डावरच्या प्रयोगांतून आलेलं आहे, त्यामुळे उत्तर अंदाजाचंच. २३ अंशांवरून ३० वर गेलं की उत्सर्जन दुपटीच्या थोडं वर जातं. आर्द्रता ४५ वरून ८५ झाली की आणखी पावणेदोन पट. गुणाकार केला तर जवळजवळ पावणेचार पट. म्हणजे तिथे काठावर पास झालेली ई१ फळी आपल्या पावसाळ्यात ई१ राहत नाही.

शिवाय खोलीत फळी किती असते तेही बघा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची बेडरूम म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. भिंतभर कपाट केलं, त्यात खण, पार्टिशन आणि पाठ धरली, फळ्यांच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर एकट्या कपाटाची फळी ४० चौरस मीटरवर जाते. पलंग आणि माळा वेगळे. एसी लावून दारं-खिडक्या बंद केल्या की तासाभरात निम्मी हवासुद्धा बदलत नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच फिरवतो.

हे युरोपने आपल्या आधी भोगलं आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्यासाठी तिथली घरं हवाबंद होऊ लागली आणि डोळे चुरचुरण्याच्या तक्रारी वाढल्या. १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीने घरातल्या हवेसाठी ०.१ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) शिफारस केली. ई१ चा ०.१२४ मिलिग्रॅमचा आकडा त्यातूनच आला, तो त्याच मर्यादेचं वजनातलं रूप आहे. तिथे थंडीसाठी घरं बंद झाली, इथे एसीसाठी होत आहेत.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. आपल्याकडे प्रत्येकाला फर्निचर चवथीपूर्वी (गणेशचतुर्थीपूर्वी) हवं असतं. म्हणजे ऐन पावसात, हवा सर्वांत दमट असताना, नवी कोरी फळी घरात येते, दारं बंद असतात, आणि लगेच पाहुण्यांनी घर भरतं. शक्य असेल त्यांनी हे काम चवथीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढावं आणि राहायला जाण्याआधी काही आठवडे घर उघडं ठेवावं. याला एक पैसा लागत नाही.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

---

रानजाई (पर्वरी)

नमस्कार. हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला. मे महिन्यात आम्ही फ्लॅटमध्ये आलो. मॉड्युलर किचन आणि तीन कपाटं तयार आली, जागेवर फक्त जोडली. कोणती फळी ते विचारलं तर ‘चांगली इंपोर्टेड आहे मॅडम’ एवढंच उत्तर मिळालं. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे लाल असतात, शिंका येतात. दिवसभर शाळेत गेला की बरा असतो. डॉक्टरांनी ॲलर्जीचं औषध दिलं आहे. खिडक्या उघडल्या तर कपड्यांना बुरशी येते, बंद ठेवल्या तर हा वास. आता नेमकं काय करू? सगळं फर्निचर काढून टाकणं परवडणारं नाही.

---

डिचोलीचा_मेस्त

रानजाईताई, मी सुतारकामाचा ठेकेदार आहे, म्हणून माझ्या बाजूने सांगतो.

आधी वास ओळखा. लॅमिनेट चिकटवायच्या रबरी सोल्युशनचा वास गोडसर, डोकं जड करणारा. तो काही दिवसांत जातो. थिनर-पॉलिशचाही तसाच. पांढऱ्या फेविकॉलचा वास जवळजवळ नसतो आणि त्याचा या प्रकरणाशी फारसा संबंधही नाही, लोक उगाच त्याच्यावर खापर फोडतात. डोळ्यांत आणि नाकाच्या शेंड्याला झोंबतो, कपाट उघडल्या उघडल्या येतो आणि महिने गेले तरी येतच राहतो, तो फळीचा.

आता तुमचं कपाट कुठून उघडं आहे ते टॉर्च घेऊन बघा. दर्शनी बाजूला लॅमिनेट असतंच. पैसे वाचवतात ते न दिसणाऱ्या जागी. कपाटाची पाठ भिंतीकडून कोरी असते. ड्रॉवरचा तळ कोरा. खणाची मागची कड कोरी. सिंकखाली पाइपसाठी पाडलेली भोकं कोरी. बिजागरीची वाटी बसवायला पाडलेले खड्डे कोरे. फळीच्या पृष्ठभागापेक्षा तिच्या कापलेल्या कडेतून कितीतरी जास्त वायू येतो, विशेषतः पार्टिकल बोर्डात, कारण मधला थर भुसभुशीत असतो. गिऱ्हाईक ‘आतून कशाला लायनर, कोण बघतंय’ म्हणतं तेव्हा मी हेच समजावतो, पण शेवटी दर बघून ठरतं.

---

म्हादईकाठ

मेस्तांनी नेमकं सांगितलं. रानजाईताई, तुमच्यासाठी क्रम असा लावतो.

आजपासून: मुलाच्या खोलीत कपाट असेल तर त्याला निदान रात्री दुसऱ्या खोलीत झोपवा. सकाळी शाळेत गेला की कपाटांची दारं सताड उघडा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करा आणि त्याच्या समोरच्या टोकाची एकच खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवा घरातून आरपार गेली पाहिजे. सगळ्या खिडक्या उघडायची गरज नाही.

तुमची बुरशीची अडचण खरी आहे. ओली हवा आत आली की फळीचं उत्सर्जन वाढतं हेही खरं. पण ओलीमुळे ते दीडपटीच्या आसपास वाढेल आणि हवा मात्र पाच-दहा पट जास्त बदलेल, त्यामुळे हिशेब उघडं ठेवण्याच्याच बाजूने येतो. पाऊस उघडला की उघडा, सर आली की बंद करा. नंतर डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड लावा. आर्द्रता ८५ वरून ६० वर आणली तर उत्सर्जन साधारण पाव भागाने घटतं. एसीने खोली ३० वरून २६ वर आणली तर आणखी एक तृतीयांशाने घटतं. म्हणजे एसी फळीला शांत करतो पण घाण हवा कोंडून ठेवतो. दोन्ही लक्षात ठेवून वापरायचा. एक स्वस्तातलं आर्द्रतामापक यंत्र घरात ठेवाच.

पाऊस संपल्यावर: मेस्तांनी सांगितलेल्या सगळ्या कोऱ्या जागा बंद करा. कडांना एजबँड (कडेवर चिकटवायची पट्टी), पाठीला आणि तळाला पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन हात, भोकांच्या आतून ब्रशने. चपडा लाखेचं पॉलिशही फॉर्मल्डिहाइड चांगलं अडवतं, पण आपल्या दमट हवेत ते पांढरट पडतं, म्हणून आतल्या आणि कोरड्या जागीच.

आणि एक कळकळीची सूचना: सीलर म्हणून मेलामाइन पॉलिश मारू नका. दुकानदार तेच देतील, कारण ते कडक होतं आणि चमकतं. पण आम्लाने घट्ट होणारं ते पॉलिश स्वतःच सुकताना आणि नंतरही फॉर्मल्डिहाइड सोडतं.

मुलाच्या डॉक्टरांना नव्या फर्निचरबद्दल जरूर सांगा. घराबाहेर बरं आणि घरात त्रास, ही माहिती त्यांच्या कामाची आहे. घरातल्या मच्छर कॉइल आणि उदबत्त्याही बंद ठेवा, त्यांच्या धुरातही हाच वायू असतो.

---

आंबोलीघाट

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण एक शंका आहे. आमच्या घरात १९९० च्या दशकातलं प्लाय आहे. तेव्हा इथे ई१ वगैरे कुणी विचारत नव्हतं. तीन पिढ्या त्यात राहिल्या, कुणाला काही झालं नाही. आपण उगाच घाबरवत तर नाही ना?

---

म्हादईकाठ

शंका रास्त आहे. घाबरवण्याचा हेतू नाही.

जुन्या घरात तुम्ही वाचलात याचं कारण प्लाय चांगलं होतं हे नसून घर उघडं होतं हे असण्याची शक्यता जास्त. मंगलोरी कौलं, कौलांखालची फट, दिवसभर उघडं दार. शिवाय फळी कमी. एक कपाट, एक टेबल. आज भिंतीला भिंत लागून फळी असते.

धोक्याबद्दल जे पक्कं माहीत आहे तेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात घातलं. तो निष्कर्ष मुख्यतः कारखान्यांत वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात हा वायू हुंगणाऱ्या कामगारांवरून आला. घरात प्रमाण खूप कमी असतं आणि तिथला नेहमीचा त्रास म्हणजे डोळे, नाक, घसा. २०१० मध्ये त्याच संघटनेने घरातल्या हवेसाठी मर्यादा सांगितली: ३० मिनिटांच्या सरासरीने ०.१ मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

बंद जागा आणि उष्ण दमट हवा एकत्र आल्यावर काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेत घडलं. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने ट्रेलरमधली तात्पुरती घरं दिली. लहान जागा, आत सगळीकडे चिकटवलेली फळी, आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरची दमट हवा. लोक खोकू लागले. सरकारी यंत्रणेने ५१९ ट्रेलर-घरांतली हवा तपासली आणि निष्कर्ष २००८ मध्ये जाहीर केले: सरासरी ७७ पीपीबी (हजार पीपीबी म्हणजे एक पीपीएम), आणि सर्वांत वाईट घरात ५९० पीपीबी. कॅलिफोर्नियाने त्याआधीच कडक नियम मंजूर केले होते. २०१० मध्ये तसाच कायदा सगळ्या अमेरिकेसाठी झाला. त्यात हार्डवुड प्लायला ०.०५ पीपीएम, पार्टिकल बोर्डला ०.०९ आणि एमडीएफला ०.११ ही मर्यादा आहे.

जपान मला जास्त जवळचा वाटतो, कारण तिथला उन्हाळाही दमट असतो. २००३ मध्ये त्यांनी बांधकाम कायदा बदलला. फळ्यांना ताऱ्यांची श्रेणी दिली, चार तारे सर्वांत चांगले, आणि त्याच वेळी प्रत्येक नव्या घरात दोन तासांत एकदा सगळी हवा बदलेल अशी यांत्रिक वायुवीजनाची सोय सक्तीची केली. फळी आणि हवा, दोन्ही एकाच कायद्यात. आपल्याकडच्या बिल्डरांनी यातून शिकायला हवं.

---

मडगाव_प्लायवाला

मी या धंद्यात आहे, त्यामुळे दुकानाची बाजू मांडतो. गोव्यात येणारा बराच माल केरळातल्या पेरुंबावूरकडून येतो, रबरवुडचा. चांगला माल आहे, वाईटही आहे.

ग्राहक विचारतो ‘आठ बाय चार, अठरा एमएम, काय दर?’ उत्सर्जनाचा अहवाल मागणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. जोवर कुणी मागत नाही तोवर दुकानदार वरून मागवत नाही, हे सरळ आहे.

काही गोष्टी ग्राहकांनी जाणून घ्याव्यात. ‘ई-झिरो’ असा शिक्का हल्ली बऱ्याच मालावर दिसतो, पण युरोपीय मानकात ई१ आणि ई२ हेच वर्ग आहेत. ई-झिरो म्हणजे कोणत्या देशाची, कोणती चाचणी, किती आकडा, हे विचारा. ‘झिरो फॉर्मल्डिहाइड’ तर शब्दशः कुठेच नसतं, कारण कोऱ्या लाकडातही ते किंचित असतं. आयएसआय चिन्ह २०२५ पासून टप्प्याटप्प्याने प्लाय आणि बोर्डांना सक्तीचं झालं आहे, ते बघाच. पण तेवढ्यावर थांबू नका, उत्सर्जनाचा अहवाल वेगळा मागा. त्यावर कोणत्या कारखान्याचा, कोणत्या जाडीचा, कोणत्या तारखेचा नमुना आहे ते वाचा. बारा एमएमचा अहवाल दाखवून अठरा एमएम विकला जातो.

---

म्हादईकाठ

तुमच्यासारखे दुकानदार असं उघड बोलतात याचा आनंद आहे.

यात ग्रेडची भर घालतो, कारण गोव्यात तीच सर्वांत सोपी खूण आहे. एमआर (ओल सहन करणारा) ग्रेड म्हणजे सहसा यूएफ गोंद. आयएस ७१० चं मरीन प्लाय, ज्याला बाजारात बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यात टिकणारं) म्हणतात, त्यात फिनॉल-फॉर्मल्डिहाइड असतं. नावात फॉर्मल्डिहाइड असलं तरी फिनॉलशी त्याचा बंध पाण्याने सुटत नाही, त्यामुळे उत्सर्जन कितीतरी कमी. आपण पाण्याच्या भीतीने मरीन घेतो आणि हवेचा फायदा आपोआप मिळतो. बजेट तुटपुंजं असेल तर बेडरूमच्या कपाटासाठी मरीन वापरा आणि हॉलमधल्या टीव्ही युनिटवर पैसे वाचवा. लोक नेमकं उलट करतात.

---

डिचोलीचा_मेस्त

मरीन ओळखायला लोक कडेची काळी-तपकिरी रेघ बघतात. फिनॉलचा गोंद तसाच दिसतो हे बरोबर, पण गोंदात रंग घालूनही रेघ काळी करता येते. माझी पद्धत: माल उतरला की एक तुकडा कापायचा आणि जुन्या टोपात उकळत ठेवायचा. मानकाप्रमाणे मरीनचा तुकडा ७२ तास उकळून तपासतात, आपल्याला दुपारभर पुरे. यूएफचा तुकडा पानं सुटल्यासारखा उघडतो. हे काम अंगणात करा, स्वयंपाकघरात नको. उकळताना तोच वायू सुटतो.

---

म्हादईकाठ

यूएफ पकडायला ही पद्धत उत्तम. मेलामाइन मिसळलेला गोंदही दुपारभर टिकू शकतो, म्हणून तुकडा टिकला म्हणजे मरीनच असं मात्र समजू नका.

---

अबोली (म्हापसा)

माझा साधा प्रश्न. स्नेक प्लांट, मनी प्लांट ठेवले तर? कोळशाच्या पिशव्या, एअर प्युरिफायर यांचा उपयोग होतो का?

---

म्हादईकाठ

झाडं घरात जरूर ठेवा, पण या कामासाठी नाही. झाडं असे वायू शोषतात असं दाखवणारा नासाचा १९८९ चा प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे घेऊन हिशेब मांडला. साध्या हवा खेळण्याने जे होतं ते झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटर जमिनीला दहा ते हजार झाडं लागतील.

प्युरिफायरचा हेपा फिल्टर धूळ पकडतो, वायू नाही. साधा कोळसा फॉर्मल्डिहाइड नीट धरत नाही, आणि दमट हवेत तर आणखी कमी. पोटॅशियम परमँगनेट लावलेले दाणे असलेला फिल्टर चालतो, पण ते दाणे संपतात आणि बदलावे लागतात. हातात धरायच्या स्वस्त मीटरवरही विसंबू नका, सॅनिटायझर किंवा पॉलिशमधल्या अल्कोहोलनेही त्यांचा आकडा उडतो. खरंच मोजायचं असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडून हवेचा नमुना घ्यायला सांगा.

---

काजूबोंड

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. घरात सीलर मारणं म्हणजे झाल्यावरचा उपाय झाला. कारखान्यातच हे कमी का करत नाहीत? आणि आपल्या काजूच्या टरफलाच्या तेलातून गोंद बनतो असं वाचलं, ते खरं का?

---

म्हादईकाठ

या प्रश्नाची वाट बघत होतो. खरं काम कारखान्यातच आहे.

पहिला उपाय रेझिन शिजवायच्या केटलमध्ये. पूर्वी एका युरियामागे दीड-पावणेदोन रेणू फॉर्मल्डिहाइड घालायचे. आज चांगले कारखाने ते प्रमाण एकच्या जवळ आणतात. उत्सर्जन झपाट्याने उतरतं, पण फुकट नाही. गोंद हळू घट्ट होतो, प्रेसमध्ये जास्त वेळ लागतो, पाण्यापुढची ताकद कमी होते, आणि व्हेनियर (प्लायमधले लाकडाचे पातळ थर) जास्त ओलं असेल तर फळीत फोड येतात. पावसाळ्यात व्हेनियर नीट न वाळवता कमी-फॉर्मल्डिहाइडचा गोंद लावला की माल परत येतो, मग मालक वैतागून जुन्या प्रमाणावर जातो. म्हणून माझं ठाम मत आहे की उत्सर्जन कमी करण्याची सुरुवात व्हेनियर वाळवणाऱ्या ड्रायरपासून होते. ओल मोजण्याचं साधं यंत्र आणि शिस्त, एवढ्याने अर्धी लढाई जिंकता येते.

दुसरा उपाय मेलामाइन. युरियाचा काही भाग मेलामाइनने बदलला की बंध पाण्याला जास्त टिकतो. ओल सहन करणाऱ्या बोर्डांत बहुधा असाच गोंद असतो. मेलामाइन महाग, म्हणून ते किती घालायचं यावर सगळी ओढाताण.

तिसरा, मोकळं फॉर्मल्डिहाइड पकडणारे पदार्थ. गोंद लावायच्या आधी जादा युरिया मिसळणं ही सर्वांत सोपी रीत. झाडांच्या सालीतलं टॅनिनही ते पकडतं. युरोपात तयार फळीला अमोनियाची धुरी देण्याची पद्धतही निघाली होती, त्याने फळीतलं मोकळं फॉर्मल्डिहाइड बांधलं जातं. मात्र हे सगळे उपाय मोकळ्या वायूवरचे, गोंदाचा सुटणारा बंध ते बदलत नाहीत. आपल्या हवेत हा फरक महत्त्वाचा आहे. भारतीय प्लाय कारखान्यांत गोंद दाट करायला मैदा घालतात, त्याला उत्सर्जनावरचा इलाज समजू नये.

चौथा, फॉर्मल्डिहाइड नसलेला गोंद. एक एमडीआय, आयसोसायनेट जातीचा. लाकडाला इतका घट्ट धरतो की प्रेसच्या लोखंडी पाट्यांनाही चिकटतो. घरात सुरक्षित, पण कारखान्यात कामगारांच्या श्वासाला धोकादायक, म्हणून हवा खेचण्याची व्यवस्था चोख लागते. दुसरा सोयाबीनच्या पिठाचा. ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या काइचांग ली यांनी समुद्रकिनारी खडकांना चिकटलेले शिणाणे (शिंपल्यातले जीव) पाहिले, लाटांच्या माऱ्यातही न सुटणारे. त्यांच्या प्रथिनावरून त्यांना ही कल्पना सुचली आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या प्लाय कंपनीने तो गोंद वापरात आणला.

आता काजू. टरफलातल्या तेलातून कार्डानॉल मिळतं, ते फिनॉलचा भाऊच. फिनॉलिक रेझिनमध्ये फिनॉलचा काही भाग त्याने बदलता येतो. त्याची लांब तेलकट शेपटी पाण्याला दूर ठेवते, हा आपल्यासाठी फायदा. पण त्यालाही जोडायला फॉर्मल्डिहाइड लागतंच, त्यामुळे ‘काजूचा गोंद म्हणजे फॉर्मल्डिहाइडमुक्त’ असं कुणी विकलं तर मानू नका. तरी तुम्ही प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या. गोव्यात काजूचे कारखाने आहेत, टरफलं आहेत. आणि चाचणी २३ अंशांवर न करता ३० अंश आणि ८५ टक्क्यांवर करा. तो आकडा आपल्या लोकांच्या उपयोगाचा आहे.

---

बल्कांव (पणजी, आर्किटेक्ट)

आराखड्याच्या बाजूने थोडं. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, ती भिंत पावसात ओली असते आणि फळीची पाठ सतत दमट राहते. लावावंच लागलं तर मागे बोटभर फट ठेवा आणि पाठ सील करून मगच बसवा. स्वयंपाकघरात ओट्याखाली कडप्प्याचे खण आणि फक्त दारं फळीची, ही जुनी पद्धत मी आग्रहाने सुचवतो. फळी एकदम अर्ध्याहून कमी होते. दारांना जाळी किंवा झडपा असतील तर आत वायू कोंडून कपड्यांत मुरत नाही. आणि फणसाचं, आंब्याचं घन लाकूड स्थानिक गिरणीत मिळतं. सगळं घर त्याचं करणं परवडत नाही, पण मुलाचा पलंग तरी करा.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला आमच्या खोलीत आणलं, एक्झॉस्ट लावून समोरची खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली. सकाळचे लाल डोळे बरेच कमी झाले आहेत, शिंका अजून आहेत. डॉक्टरांनाही सांगितलं. मेस्तांच्या सांगण्यावरून टॉर्च घेऊन पाहिलं: तिन्ही कपाटांच्या पाठी कोऱ्या आहेत, आणि मुलाच्या स्टोरेजच्या पलंगाची आतली सगळी पेटी कोरी पार्टिकल बोर्डाची आहे. गादी बरोबर तिच्यावर. सीलर लगेच मारून घेऊ का?

---

डिचोलीचा_मेस्त

ताई, आता मारू नका. या ओलीत सीलर नीट सुकणार नाही आणि फळीतली ओल आत अडकेल. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की कपाटं भिंतीपासून ओढून, पाठी उन्हाच्या बाजूला करून दोन-चार दिवस ठेवू, मग पीयू मारू. कडांना एजबँड त्याच वेळी. तोवर पलंगाच्या पेटीतलं सामान, विशेषतः पांघरुणं, बाहेर काढा आणि पेटीची झाकणं दिवसा उघडी ठेवा. मुलाला गादी खाली जमिनीवर घालून द्या, चटई अंथरून.

---

मडगाव_प्लायवाला

पीयू सीलर घेताना डब्यावर दोन घटकांचा आहे का बघा आणि हार्डनर त्याच कंपनीचा घ्या. दुकानात मेलामाइनचा डबा पुढे केला तर परत करा.